इंग्रजीत ‘रन’चे इतके अर्थ का आहेत आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की शाळेत ‘रन’ म्हणजे धावणे एवढंच शिकवलं, पण आता नाक, कंपनी, रस्ता, निवडणूक, जिकडे बघावं तिकडे तोच शब्द. हे सगळं पाठ कसं करायचं?

पाठ करायला जाऊच नका. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात २०११च्या सुमारास या शब्दाची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. पीटर गिलिव्हर हे कोशकार नऊ महिने त्या एका शब्दात गुंतले होते.

मी भाषांतराचं काम करतो आणि मला या शब्दाची किल्ली आपल्या ‘चालणे’मध्ये सापडली. घड्याळ चालतं, दुकान चालतं, नाटक वर्षभर चालतं, यंत्र चालतं. यातल्या एकालाही पाय नाहीत, तरी आपण कधी अडखळत नाही. या सगळ्या ठिकाणी इंग्रजीत ‘रन’ येतो. आपण कंपनी चालवतो, ते ‘रन’ करतात. म्हणून वाक्यात ‘रन’ दिसला आणि कोणी धावत नसेल, तर आधी ‘चालणे’ लावून बघा. बहुतेक वेळा अर्थ लागतो.

तिथे नाही जमलं तर ‘वाहणे’. नाक वाहतं, नळ वाहतो, धुताना कपड्याचा रंग पसरतो. हा अर्थ ओढूनताणून आणलेला नाही. जुन्या इंग्रजीतल्या ‘रिन्नन’ या मूळ क्रियापदातच धावणे आणि वाहणे दोन्ही होते. नदीकाठाने ‘धावणारा’ रस्ताही मला याच घरातला वाटतो.

खरी गडबड होते ती मागे लागणाऱ्या छोट्या शब्दांमुळे. ‘रन आउट’ घ्या. आपण म्हणतो, ‘दूध संपलं’, कर्ता दूध. इंग्रजीत माणसालाही कर्ता करता येतं: ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. दुधाला कर्ता केलंत, तर ‘ऑफ’ गळतो: ‘द मिल्क हॅज रन आउट’. या दोन वाक्यांची सरमिसळ मी फार वेळा पाहिली आहे, म्हणून दोन्ही मोठ्याने म्हणून बघा. क्रिकेटमधला रन आउट वेगळा, तो धावबाद. ‘रन इंटू’चंही तसंच: पुढे झाड असेल तर गाडी धडकली, जुना मित्र असेल तर अचानक गाठ पडली.

निवडणुकीचा अर्थ मुख्यतः अमेरिकेतला. ब्रिटनमध्ये उमेदवार उभाच राहतो, अगदी आपल्यासारखा.

एका अर्थापाशी मात्र मी सुरुवातीला चांगलाच अडकलो होतो: ‘अ रन ऑन द बँक’. मला वाटलं, बँकेवर दरोडा पडला. प्रत्यक्षात बँक बुडणार या भीतीने सगळे ठेवीदार एकदम पैसे काढायला येतात, त्याला हे म्हणतात. मग लक्षात आलं, मराठी तर तयारच आहे: ठेवीदारांनी बँकेकडे धाव घेतली.

आणि हो, लिहिताना भूतकाळ ‘रॅन’, पण ‘हॅव’नंतर पुन्हा ‘रन’च. ‘आय हॅव रॅन’ चूक आहे.