भीमाशंकरला सांबराचे फोटो काढताना अंगाचा वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून काय करावे?

वारा सांबराकडून आपल्याकडे येत राहील अशीच बाजू धरून चालावे. बाकीचे सर्व उपाय याच्या तुलनेत दुय्यम आहेत. माणसाच्या अंगाचा वास त्वचेवरील जिवाणूंमुळे सतत तयार होत असल्याने तो पूर्णपणे घालवणे शक्य नसते, आणि म्हणूनच वास लपवणाऱ्या महागड्या फवाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. चिमूटभर टाल्कम पावडर किंवा राख हवेत सोडून दर दहा-पंधरा मिनिटांनी वारा पाहावा, कारण भीमाशंकरसारख्या डोंगराळ भागात पहाटे गार हवा उताराने खाली सरकते आणि ऊन तापल्यावर तीच दरीतून वर चढू लागते. त्यामुळे सकाळी योग्य असलेली जागा दहा वाजता निरुपयोगी ठरू शकते. कपडे बिनवासाच्या साबणाने धुऊन बाहेर वाळवावेत, आदल्या दिवसापासून अत्तर, डिओडरंट, सुगंधी तेल आणि तंबाखू टाळावी, आणि गाडीत पेट्रोल किंवा वडापावच्या पुड्याशेजारी जॅकेट ठेवू नये (हे हमखास विसरले जाते). सांबराने पाय आपटून ‘ढांक्’ असा आवाज दिला, तर आपला सुगावा लागला असे समजून मागे फिरावे. मात्र सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातील उघड्या माळावर चिंकारा आपल्याला बहुधा आधी पाहतो, तेव्हा तिथे वासापेक्षा हालचाल आवरण्याकडे अधिक लक्ष द्यावे. आपला प्रश्न छायाचित्रणाचा आहे; शिकारीस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे.