सकाळी सेल मारताच इंजिन ठोकतंय?

या वेळच्या पत्रांमध्ये एकच तक्रार वेगवेगळ्या रूपांत आली आहे: गाडी सुरू करताना इंजिनमधून ठोकल्यासारखा आवाज येतो. त्यातली चार पत्रं घेतली आहेत. आवाज किती वेळ टिकतो आणि इंजिन तापल्यावर त्याचं काय होतं, हे या वाचकांनी नीट लिहिलंय. निदानाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

पेट्रोल गाडी ९० हजार किलोमीटर चाललीय. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की दोन सेकंद खर्रर्र आवाज येतो, मग एकदम शांत. दिवसभर पुन्हा येत नाही. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन खोलावं लागेल. (पुणे)

इतक्यात इंजिन खोलायला हो म्हणू नका. गाडी रात्रभर उभी राहिली की वरचं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. टायमिंग चेन म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह (झडपा) वेळेवर उघडायला लावणारी साखळी. तिचा टेन्शनर ऑइलच्या दाबावरच ती ताणून धरतो. पंपाने दाब तयार करेपर्यंत चेन सैल राहते आणि आत आपटते. दाब आला की आवाज बंद. तुमचं वर्णन याच्याशीच जुळतं.

ऑइलची पातळी सपाट जागेवर बघून घ्या आणि मग फिल्टरकडे वळा. बहुतेक फिल्टरमध्ये रबराची एक झडप असते. इंजिन बंद असताना ऑइल मागे उतरू नये, एवढंच तिचं काम. नकली फिल्टरमध्ये हे रबर लवकर कडक होतं आणि फिल्टर रात्रीत रिकामा होतो. मागच्या सर्व्हिसिंगनंतरच आवाज सुरू झाला असेल तर पहिला संशय इथेच घ्या. अस्सल फिल्टर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं ऑइल टाकून आठवडाभर सकाळी कान देऊन ऐका. आवाज गेला तर काम झालं.

नाही गेला, तर टेन्शनर तपासायला सांगा. अनेक इंजिनांत तो बाहेरूनच, एक-दोन बोल्ट काढून निघतो, आणि त्याचा दांडा किती बाहेर आलाय यावरून चेन किती लांबलीय याचा अंदाज येतो. मात्र दोन सेकंदांचे पाच-सहा झाले किंवा चेक इंजिनचा दिवा लागला, तर दिवस ढकलू नका. चेनने दात सोडला तर आजच्या बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग खरोखरच हेड उतरवावं लागतं.

ठकठक पाच-सात मिनिटं चालते, गाडी तापली की बंद होते. मिस्त्री म्हणतात २०डब्ल्यू-५० ऑइल टाका. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे. गाडी सीएनजीवर चालते. (नाशिक)

मॅन्युअलचंच ऑइल टाका. ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो; आकडा जितका कमी, तितकं ऑइल थंडीत पातळ. नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळी २०डब्ल्यू ऑइल वर पोहोचायला जास्त वेळ घेतं, आणि झीज नेमकी तेव्हाच होते. आवाज दबेल, पण कारण तसंच राहील.

माझा संशय दोन ठिकाणी आहे. पहिला पिस्टनवर. झिजलेला पिस्टन थंड असताना इंजिनमधल्या सिलेंडरच्या भिंतीवर आपटतो. ॲल्युमिनियम तापून फुगलं की फट भरते. हे पडताळायचं तर इंजिन थंड असतानाच मिस्त्रींना एकेका सिलेंडरची कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) काही सेकंद बंद करायला सांगा. ज्या सिलेंडरला आवाज मंदावला, दोष तिथला. परीक्षा पेट्रोलवर केली तर इंजेक्टरचं कनेक्शनही सोबत काढा, नाहीतर न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. पिस्टनच असेल, पण गाडी ऑइल खात नसेल, तर ती तशीच वर्षानुवर्षं चालू शकते. घाईने खर्च करू नका.

दुसरा संशय एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगवर. टॉर्च मारून जोडाजवळ काजळीचा काळा ओघळ दिसतो का बघा. दिसला, तर पॅकिंग बदलून आवाज जाईल.

टॅपेटबद्दल (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) सीएनजीवाल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सीएनजीवर व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, व्हॉल्व्ह आत रुततो आणि टॅपेटची फट वाढण्याऐवजी कमी होते. म्हणजे टॅपेट वाजत नाहीत म्हणून सगळं ठीक, असं नाही. ज्या इंजिनात ही फट हाताने लावायची असते, तिथे फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ती वेळच्या वेळी तपासलीच पाहिजे.

९५ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल टाकलं तर सकाळचा आवाज जाईल का? (ठाणे)

नाही. ऑक्टेनचा संबंध असतो तो जोर पडल्यावर येणाऱ्या आवाजाशी. कसारा घाटात वरच्या गिअरमध्ये एक्सलेटर दाबल्यावर होणारी बारीक किटकिट, ती ही. जागेवर उभ्या गाडीत सेल मारताना होणारी खडखड पेट्रोल बदलून जात नाही.

ऑइलचा लाल दिवा लुकलुकला, त्यानंतर जड ठोका येतोय. रेस केली की वाढतो, तापल्यावरही जात नाही. आमचे ओळखीचे मिस्त्री ६० किलोमीटरवर आहेत. सावकाश नेली तर चालेल? (सांगोला)

नेऊ नका. सेलही मारू नका. गाडी टो करूनच न्या. ही लक्षणं पिस्टनला क्रँकशी (इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी) जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेल्याची आहेत. ते पूर्ण निसटलं तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. आज कदाचित बेअरिंग आणि क्रँकवर भागेल. रस्त्यात ब्लॉक फुटला तर पूर्ण इंजिनच घ्यावं लागेल. आवाज दाबणारी बाटलीतली औषधं ऑइलमध्ये ओतू नका.

गॅरेजमध्ये तुम्ही स्वतः हजर राहा. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढायला लावा, दोन बोटांवर थोडं घेऊन उन्हात धरा. रुपेरी किंवा तांबूस चमचम दिसली तर बेअरिंगचा थर निघालाय. फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्याही उघडून बघा, चुरा तिथे अडकतो. नुसतं बेअरिंग बदलून देतो म्हणाले तर थांबवा. क्रँक मायक्रोमीटरने मोजायलाच हवा. ओरखडे असतील तर तो घासून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइझ (बारीक झालेल्या क्रँकसाठीचं) बेअरिंग बसवतात. काही नव्या इंजिनांत मात्र क्रँक घासायला कंपनीची परवानगी नसते, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि दिवा का लुकलुकला, हे शोधल्याशिवाय खोललेलं इंजिन परत जोडू देऊ नका. ऑइल कमी होतं, चेंबरमधली जाळी गाळाने तुंबली होती की पंप गेला होता, याचं उत्तर मिळालं नाही तर नवं बेअरिंगही त्याच वाटेने जाईल.