दुकान त्यांच्या नावावर आहे, मग घटस्फोटात मला काय मिळेल?

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आज लिहायचंच ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

नागपुरातलंच जोडपं, तडजोडीसाठी माझ्याकडे आलेलं, सावजी मसाल्याचा धंदा. जीएसटी, बँक खातं सगळं नवऱ्याच्या नावावर, मसाल्याचं प्रमाण बायकोच्या हातात. संमतीने वेगळं व्हायचं ठरलेलं, अडलं आकड्यावर. तो म्हणे मशीन आणि माल मिळून काय ते, ती म्हणे अर्धा धंदा माझा.

आपल्याकडे घटस्फोट झाला की संपत्ती आपोआप अर्धी होत नाही, हे आधी समजून घ्या. प्रोप्रायटरी, म्हणजे एकाच मालकाची फर्म ज्याच्या नावावर त्याची, पार्टनरशिप असेल तर डीडमधला, म्हणजे भागीदारीच्या करारातला वाटा. पण पोटगी ठरवताना कोर्ट धंद्याचं उत्पन्न बघतंच, आणि 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पोटगीच्या केसमधे दोघांनाही शपथपत्रावर सगळं उघड करावं लागतं. तिचं स्त्रीधन तिचंच, म्हणून दागिने मोडून कांडप मशीन घेतली असेल तर ती पावती जपा.

मी दोघांना एकेक कागद दिला, म्हटलं, समोरचा उद्यापासून आला नाही तर काय बंद पडेल ते लिहा. त्याने बराच वेळ घेतला. लिहिलं होतं, "मिरची भाजताना कुठे थांबायचं ते हिलाच समजते. इतवारीतले दुकानदार हिच्या चवीवर माल घेतात."

तिने वाचलं, म्हणाली, "हे मला काऊन नाही सांगितलं कधी?"

"राहूनच गेलं," तो म्हणाला.

वकिलांकडे महिनोन्महिने अडलेलं इथे सुटलं, आणि मला याचं नवल वाटत नाही. माझं ठाम मत आहे की पैशाच्या भांडणात अर्धं दुखणं कामाची दखल न घेतल्याचं असतं, ती घेतली की माणूस आकडा ऐकायला तयार होतो.

मग सीएकडे पाठवलं. विक्री म्हणजे किंमत नाही हं. माल, मशीन, वसूल होईल तेवढीच उधारी, त्यातून कर्ज आणि देणी वजा, वर गुडविल, म्हणजे धंद्याच्या नावाची आणि बांधलेल्या गिऱ्हाइकाची किंमत, मागच्या काही वर्षांचा सरासरी नफा धरून, पण त्यातून आधी दोघांच्या मेहनतीचा पगार काढून. तिने कधी पगार घेतलाच नव्हता, तो धरल्यावर चित्रच बदललं.

ठरलं असं की फर्म आणि ब्रँड त्याचा, तिला हप्त्यांनी रक्कम, आणि वेगळ्या नावाने मसाला विकायची मोकळीक. हे सगळं फॅमिली कोर्टात द्यायच्या संमतीपत्रात तारखांसकट लिहून घ्या, आणि मोठी रक्कम दुसऱ्या मोशनच्या (कोर्टात दुसऱ्यांदा, शेवटची संमती द्यायच्या तारखेच्या) आधी किंवा त्याच दिवशी डीडीने हातात येईल असं बघा.