तिळाची ॲलर्जी आणि लेबनीज रेस्टॉरंट: बुकिंगच्या नोंदीवर विसंबू नका

नवऱ्याला तिळाची ॲलर्जी, वाढदिवसाला लेबनीज रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलंय, बुकिंग करताना ॲलर्जीचा रकानाही भरलाय, मग आता फक्त हुमुस (काबुली चण्यांची चटणी) टाळला की झालं ना, असं तुम्ही विचारलंय. नाही झालं. आमच्याकडे बायकोला तीळ चालत नाही, त्यामुळे तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. हुमुसमध्ये ताहिनी, म्हणजे वाटलेल्या तिळाची पेस्ट असते वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल, ते सोडतो.

आधी तो रकाना. आम्ही गेलो होतो तिथलं बुकिंग भलतंच कुठलं तरी ऑफिस फोनवर घ्यायचं. "नोंद केली आहे, काळजी करू नका," असं गोड आवाजात सांगितलं गेलं. प्रत्यक्षात वेटरला काही माहीत नव्हतं आणि स्वयंपाकघरापर्यंत तर काहीच पोचलं नव्हतं. मॅनेजरला विचारलं तर म्हणे, "आम्ही शेंगदाणे वापरतच नाही." अहो, शेंगदाण्याचं कोण विचारतंय? मग ताहिनी नसलेला बाबा घनूश, म्हणजे वांग्याचं भरीत हवं असं स्पष्ट सांगितलं, वेटरने मान डोलावली आणि आणून ठेवला मुतब्बल, म्हणजे ताहिनी घातलेलं भरीत. रात्र इस्पितळात गेली. तक्रार केली तर बुकिंगवाले म्हणाले रेस्टॉरंटशी बोला, रेस्टॉरंट म्हणालं बुकिंगवाल्यांशी बोला. शेवटी कुठून तरी छापील दिलगिरी आली, सोबत पुढच्या वेळी एक गोड पदार्थ मोफत. पुढच्या वेळी! असो.

काही ठिकाणी बाबा घनूश म्हणजे भाजलेलं वांगं, टोमॅटो, कांदा आणि डाळिंबाचा आटवलेला रस. ताहिनी घातलेला तो मुतब्बल. पण कितीतरी ठिकाणी मुतब्बललाच बाबा घनूश म्हणतात. त्यामुळे मेनूवरच्या नावावरून काहीही ठरवू नका. झातार या मसाल्यात तीळ असतात आणि तो लबनेवर (घट्ट दह्यावर), मनाकिशवर (भाजलेल्या रोटीवर), कधी सॅलडवरही भुरभुरलेला असतो. फलाफेलसोबतचा (चण्याच्या तळलेल्या वड्यांसोबतचा) तारातोर सॉस ताहिनीचाच. काही जण फलाफेल तिळात घोळवून तळतात आणि त्याच तेलात बटाटेही तळतात, म्हणजे बताता हर्रा (तिखट तळलेले बटाटे) हाही गेला.

वाढदिवसाच्या दिवशी गर्दी नसलेल्या वेळी रेस्टॉरंटला फोन करा आणि थेट स्वयंपाकघरातल्या माणसाशी बोला. नुसतं "तीळ" म्हणू नका. लोकांना वरून पेरलेले दाणे तेवढे आठवतात. ताहिनी, झातार, तिळाचं तेल, पावावरचे तीळ आणि तळणीचं तेल, सगळं वेगवेगळं विचारा. उत्तर चाचरत आलं तर टेबल रद्द करा. माझं हे मत जरा टोकाचं वाटेल, पण "बहुतेक नसतं" हे उत्तर मी आता "असतं" असंच धरतो.

नीट चौकशी करून आम्ही सहसा तब्बूले आणि फत्तूश ही सॅलड, शिश ताऊक (चिकनचे कबाब) आणि तूम घेतो. तूम म्हणजे लसूण, तेल, लिंबू, मीठ. क्वचित अंड्याचा पांढरा भाग घालतात. चिकन शावर्मासोबत बहुधा तूम असतो, बीफ किंवा मटणाच्या शावर्म्यासोबत तारातोर. पण हेही विचारूनच, सगळीकडे तसंच असेल असं नाही.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. त्या संध्याकाळी तुम्हीही हुमुस खाऊ नका. मेझे म्हणजे मधे ठेवलेल्या बशा, एकच पाव दोघांनी तोडायचा, तुमच्या बोटांची ताहिनी त्यांच्या घासात जाणारच. आणि वाढदिवस आहे, जेवणानंतर चुंबनही होईल. त्यातूनही त्रास होऊ शकतो. हुमुस मैत्रिणींबरोबर खा.

गोडात मुहल्लबिया त्यातल्या त्यात साधं: दूध, कॉर्नफ्लोअर, गुलाबपाणी किंवा नारिंगाच्या फुलांचं पाणी. हळद घातलेला सफूफ (रव्याचा केक) दिसला तर थांबा. त्यात तीळ दिसतीलच असं नाही, पण तो भाजायच्या ताटाला परंपरेने ताहिनीचाच हात फिरवतात. आम्हाला हे फार उशिरा कळलं, आणि तेही वेटरकडून नव्हे.

मी डॉक्टर नाही. ॲलर्जी किती तीव्र आहे, बाहेर जेवावं का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. एपिनेफ्रिनचं (तीव्र ॲलर्जीवरचं तातडीचं) इंजेक्शन लिहून दिलेलं असेल तर ते नवऱ्याच्या खिशात किंवा तुमच्या पर्समध्ये हवं, गाडीत नको. पार्किंग लांब असतं.