दार आपटलं म्हणजे आजार उलटला का?

"मला बायपोलर आहे, गोळ्या नीट चालू आहेत, पण जरा आवाज चढला किंवा डोळ्यात पाणी आलं की घरचे म्हणतात झालं परत सुरू, आणि आता मलाच कळेनासं झालंय की हा राग माझा आहे की आजाराचा." शब्द थोडे इकडेतिकडे, पण हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सारखं कोणी ना कोणी येतं. बायपोलर म्हणजे मन कधी अति चढतं, तो मेनिया, आणि कधी अति खाली जातं, ते डिप्रेशन, असा आजार. त्यातल्या एकीचं सांगते, तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून.

बडोद्याची मुलगी, दांडिया बाजारच्या बाजूला घर, वय सत्तावीस. चार पिढ्या इथेच, त्यामुळे आई रागावते मराठीत आणि भाजीवाल्याशी घासाघीस गुजरातीत. तीन वर्षांपूर्वी तिला मेनिया झाला होता, आठवडाभर रात्री दोन-दोन तास झोप आणि तरी एकदम फ्रेश, चणियाचोळीचा बिझनेस करायचा म्हणून चाळीस हजारांचा माल मागवला, पहाटे तीनला ऑफिसच्या साहेबांना फोन. मग पाच महिने अंथरुणातून उठवेना. आता लिथियमवर, म्हणजे मूड स्थिर ठेवणाऱ्या गोळीवर, छान सावरली होती, नोकरी चालू, सगळं चालू.

फक्त घरात एक वाक्य होतं. "गोळी घेतलीस का?"

पहिल्याच सेशनला तिने मोबाइल माझ्यासमोर धरला. नोट्समध्ये रेघा मारलेल्या, एका रविवारच्या अकरा. भावाशी वाद झाला, एक रेघ. आंघोळीला वेळ लागला, एक रेघ. टीव्हीवर काहीतरी बघून खदखदून हसली, त्याची पण एक. "म्हणजे मॅडम, हसायचं पण परमिशन घेऊन," असं म्हणाली आणि मग बरंच भरभर बोलायला लागली, लग्न मोडलं ते, आत्या काय म्हणाली ते, आणि मी काय केलं असेल? मी विचारलं, "झोप कशी आहे सध्या?" ती थांबली. "तुम्ही पण?" म्हणाली.

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर मी पण तेच केलं. प्रश्न चुकीचा नव्हता, वेळ चुकली. माणूस आपलं दुःख सांगत असताना आपण त्याचं टेंपरेचर बघायला लागलो तर तो पुढे कशाला सांगेल?

तिच्या आईला, म्हणजे काकूंना, वाईट म्हणायचं नाहीये हं. ज्या बाईने मुलीला त्या अवस्थेत बघितलंय ती प्रत्येक आवाजाला दचकणारच. पण घरातलं वातावरण नुसतं भावनेपुरतं नसतं, आजारावर त्याचा परिणाम होतो. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या काळात हॉस्पिटलमधून घरी गेलेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंट्सचा पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की जिथे सतत टोचून बोलणं, राग किंवा नको इतकी काळजी असते तिथे आजार जास्त उलटतो. पुढे बायपोलरच्या बाबतीतही तसंच दिसलं. नको इतकी काळजी पण त्यात आहे, हे सांगितल्यावर काकू बराच वेळ पदराच्या टोकाशी खेळत बसल्या.

मग ओळखायचं कसं? राग आला तर आधी बघायचं की समोर काही कारण आहे का, आणि ते कारण दुसऱ्या कोणाला सांगितलं तर तो पण म्हणेल का की हो बाबा, मला पण आला असता. आणि राग उतरतोय का, तासाभराने, जेवण झाल्यावर, झोपून उठल्यावर. लग्न मोडल्यावर ती आठ-दहा दिवस रडत होती आणि घरचे डोस वाढवा म्हणून मागे लागले होते, पण ते रडू लाटेसारखं यायचं, मधे भाच्याबरोबर पत्ते खेळताना ती हसायची, ऑफिसला जायची. डिप्रेशनमध्ये दिवसचे दिवस, दोन आठवडे आणि जास्त, बहुतेक सगळा वेळ मन तसंच राहतं, आवडीच्या गोष्टीची पण चव जाते. आणि मेनियाच्या बाजूला जाताना तिची सगळ्यात आधी झोप हलते. झोप कमी झाली म्हणून थकवा असेल तर ते आपलं साधं जागरण, पण झोप कमी आणि थकवा पण नाही, तिथे कान टवकारायचे.

हे सगळं चाललेलं भाद्रपदात आणि समोर नवरात्र. बडोद्यात राहून नवरात्रात घरी बसायचं म्हणजे काय ते बाहेरच्याला नाही कळणार. तिने नऊ दिवसांचा पास मागितला, घरात एकदम नाही. मला विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर होते, कारण नऊ रात्री जागरण हा बायपोलरवाल्यासाठी खरंच धोका आहे, आणि त्यात लिथियम. गरब्यात घाम किती जातो बघा, शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं, उपवास म्हणून मीठ एकदम तोडलं तरी तेच, आणि गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेतली की अजून वाढतं. हात जास्त थरथरायला लागले, उलट्या-जुलाब, तोल जातोय असं झालं तर थेट डॉक्टर, उद्या बघू नाही.

मग तिच्या सायकिअ‍ॅट्रिस्टशी बोलून ठरलं. आधी लिथियमची लेव्हल, शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, सोबत किडनी आणि थायरॉइड, ते तसंही अधूनमधून करायचंच असतं. नऊ नाही, तीन रात्री, मधे एक-एक दिवस सोडून. साडेबाराला घरी, गोळी ठरल्या वेळी, सकाळी कोणी उठवायचं नाही. उपवासाला मीठ चालू. पाण्याची बाटली भावाकडे.

आणि एक कागद, तो तिने स्वतः लिहिला, बरी असताना. लागोपाठ दोन रात्री पाच तासांपेक्षा कमी झोप आणि तरी मी फ्रेश, किंवा मोठी खरेदी सुरू, तर आईने डॉक्टरांना फोन करावा, मी वाद घालणार नाही. त्याखाली काकूंची सही: बाकी वेळी गोळीचं विचारणार नाही, सकाळी फक्त झोप विचारेन, एकदाच. काकूंनी पेन ठेवताना विचारलं, "आणि रात्री अपरात्री तुम्ही फोन नाही उचलला तर?" त्याच कागदावर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर घातला, १४४१६, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत.

तिसऱ्या रात्री ती एक वाजून दहाला आली, चाळीस मिनिटं उशीर, त्यावरून महाभारत झालं, ते सोडा.

दसऱ्याला सकाळी फाफडा-जलेबीच्या लाइनमधून काकूंचा फोन. "तिने आत्ता दार आपटलं, जोरात. मी काही नाही विचारलं हो, पण आता काय करू?"

"झोप किती झाली?"

"साडेसात तास."

"मग कशावरून आपटलं?"

लाइनमधलं कोणीतरी मागून ओरडत होतं, आगळ चालो बेन. काकू जरा हळू आवाजात म्हणाल्या, "तिचा गोळ्यांचा डबा उघडून मोजत होते मी. तिने बघितलं."