वाचक विचारतात: ट्रकवरचा पॉप-अप कॅम्पर कोणता घ्यावा?

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही कोलोरॅडोला ऑरोरामध्ये राहतो. २०२१ची टोयोटा टॅकोमा पिकअप ट्रक आहे, डबल कॅब, फोर बाय फोर, मागचा सामानाचा हौदा म्हणजे बेड पाच फुटी. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. तंबूत झोपून आता पाठ धरते आणि पाऊस आला की सगळंच ओलं, म्हणून पॉप-अप कॅम्पर, म्हणजे ट्रकच्या बेडवर बसणारी, छत वर उचललं की कापडी भिंती उघडणारी छोटी खोली, घ्यायचं चाललंय. फोर व्हील कॅम्पर्स कंपनीचा फ्लीट खूप आवडलाय पण महाग आहे, पालोमिनो कंपनीचा वापरलेला बराच स्वस्तात मिळतोय, आणि नवरा म्हणतो ट्रकच बदलू, फोर्डची एफ-१५० घेऊ आणि त्यावर फोर व्हीलचाच मोठा हॉक टाकू. शिवाय उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात, त्यांनाही न्यायचंय. डीलर म्हणाला टॅकोमावर काहीही बसतं, मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या, एअरबॅग, टाका की झालं. काय करावं?

उत्तर: डीलरचं ते शेवटचं वाक्य आधी डोक्यातून काढून टाका, मग बाकीचं बोलू.

आत्ता खाली जाऊन ट्रकचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा. दार बंद होताना जिथे अडकतं त्या खांबावर टायर प्रेशरचं एक पांढरं स्टिकर असतं, त्यावर पिवळा पट्टा, आणि त्यात लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या किलोच्या किंवा इतक्या पाउंडांच्या वर जाता कामा नये. तो आकडा म्हणजे तुमच्या ट्रकचा पेलोड. ब्रोशरमधला नाही, वेबसाइटवरचा नाही, तो फक्त तुमच्या ट्रकचा, कारण फॅक्टरीतून निघताना त्यात जे जे बसवलं होतं ते धरून तो छापलेला असतो. पेट्रोलची टाकी भरलेली धरूनच तो काढतात त्यामुळे ती वेगळी मोजायची नाही, पण ड्रायव्हर मात्र मोजायचा, आणि नंतर तुम्ही स्टीलचा बंपर, विंच असलं काही बसवलं असेल तर ते वजा करायचं.

तुमच्यासारख्या टॅकोमाला तो आकडा बहुतेक वेळा हजार-अकराशे पाउंडांच्या आसपास असतो. आपण १,१०० धरू. तुम्ही तिघं मिळून समजा ३८० पाउंड, उरले ७२०. फ्लीट नुसता शेल, म्हणजे आत काही न बसवलेला, घेतला तर जरा हलका, पण किचन, फ्रिज, फर्नेस म्हणजे हीटर, सगळं घेतलं की हजाराच्या वर जातो, म्हणजे पाण्याचा थेंब भरायच्या आधीच हिशेब संपला. आणि पाणी तर लागणारच, एक गॅलन म्हणजे ८.३४ पाउंड, २० गॅलन भरलं की १६७ पाउंड झाले. छोटा प्रोपेन सिलिंडर भरलेला असला की पस्तीस-चाळीस. मग बॅटरी, खुर्च्या, कपडे, फ्रिजमधलं खाणं, दोनशे पाउंड तर बोलता बोलता होतात. एकूण १,८०० च्या पुढे. म्हणजे सातशे पाउंड जास्त.

लोक असं चालवतात का, तर हो, रस्त्यावर भरपूर दिसतील. पण तुम्ही कोलोरॅडोला राहता, तुमच्या घरातून निघून डोंगरात जायचं म्हणजे आय-७० हायवे आणि आयझेनहॉवर बोगदा, अकरा हजार फुटांवरून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार, बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रॅम्प काढून ठेवलेत ते काय उगाच नाहीत. एअरबॅगने मागची बाजू बसलेली दिसत नाही एवढंच होतं, ब्रेक तेच राहतात, अॅक्सल तोच, टायर तेच, आणि स्टिकरवरचा आकडाही तोच. मागच्या सीटवर मुलगी बसणार आहे, त्यामुळे मी हे करा म्हणून अजिबात सांगणार नाही.

मग दोन रस्ते उरतात. टॅकोमा ठेवायची असेल तर बेडमध्ये सरकवून बसवायच्या स्लाइड-इन कॅम्परचा नाद सोडा आणि टॉपरसारखे, म्हणजे बेडवर टोपीसारखे बसणारे, हलके प्रकार बघा. फोर व्हीलचाच प्रोजेक्ट एम आहे, मोंटानातल्या गो फास्ट कॅम्पर्सचा आहे, हे बेडच्या कडांवर बसतात, टेलगेट म्हणजे बेडची मागची फळी तशीच राहते, वर छत उघडून झोपायचं. गो फास्टचं वजन तीनशे पाउंडांच्या आसपास असतं त्यामुळे तुमच्या हिशेबात बसतं. आत किचन-फ्रिज काही नसतं, ते तुम्ही हळूहळू स्वतः करायचं. वर दोघं आरामात, तिसरं माणूस खाली ट्रकच्या बेडमध्ये, पाच फुटी बेडमध्ये नऊ वर्षांची मुलगी अजून दोन-एक वर्षं झोपेल, नंतर पाय दुमडायला लागतील.

दुसरा रस्ता म्हणजे नवरा म्हणतो तो, आणि तिघांसाठी मला तोच बरा वाटतो, फक्त एफ-१५० वर अडकू नका. एफ-१५० मध्ये पेलोड इतका वरखाली असतो की शोरूममध्ये शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत कित्येकशे पाउंडांचा फरक निघतो. काचेचं छत, गरम-गार होणाऱ्या सीटा असली भारी ट्रिम, म्हणजे महागडी आवृत्ती, घेतली की पेलोड कमी होतो, कारण त्या सगळ्याचं वजन आधीच धरलेलं असतं. हॉक फ्लीटपेक्षा मोठा आणि जड, वरचा हिशेब धरला तर तुम्हाला किमान २,००० ते २,२०० पाउंड हवेत. हेवी ड्युटी पेलोड पॅकेजवाली एफ-१५० मिळाली तर ठीक, पण शोधायला लागते. त्यापेक्षा ट्रक बदलायचाच आहे तर त्याहून दणकट एफ-२५० किंवा रॅम २५०० ट्रक सेकंडहँड बघा, साडेसहा फुटी बेडचा. रोज ऑफिसला न्यायला तो कडक लागतो, पार्किंगला त्रास होतो, हे खरंय, पण डोंगरात कॅम्पर घेऊन उतरताना जीव मुठीत धरावा लागत नाही. सही करायच्या आधी त्याही ट्रकचं दार उघडून स्टिकरचा फोटो घ्या, सेल्समन काहीही सांगो.

बेड लांब असण्याचा अजून एक फायदा आहे जो कोणी सांगत नाही. कॅम्परचा तोल जिथे असतो ती जागा मागच्या अॅक्सलच्या पुढे पडायला पाहिजे. बेड आखूड असला की वजन मागे लटकतं आणि पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात बसत नाही. कॅम्परच्या बाजूला बहुतेक वेळा त्या जागेची खूण असते, डीलरला दाखवायला सांगा.

आता कंपनी. फोर व्हील कॅम्पर्स १९७२ पासून हेच करतायत, अॅल्युमिनियमची वेल्ड केलेली फ्रेम, हलकी, कच्च्या रस्त्यावर जराशी लवते म्हणून टिकते. पालोमिनो ही फॉरेस्ट रिव्हरची कंपनी, डीलरकडे सहज मिळतो आणि किंमत कमी, कॅम्पग्राउंड टू कॅम्पग्राउंड डांबरी रस्त्यानेच जाणार असाल तर त्यात वाईट काही नाही. पण तुम्ही कोलोरॅडोला आहात आणि यादीत हॉलमार्क आणि आउटफिटर या कॅम्पर बनवणाऱ्या कंपन्या नाहीत याचं मला नवल वाटलं! हॉलमार्क तुमच्या जवळ फोर्ट ल्युप्टनला, आउटफिटर लाँगमाँटला. एक शनिवार काढा, आधी फोन करून जा, तिघंही आत शिरा, दार लावा, टेबल काढा, झोपायचा बेड ओढा, मुलीला तिच्या जागी झोपवून बघा. फोटोत सगळेच कॅम्पर मोठे दिसतात हो.

छत कसं उचलतं तेही तिथेच बघा. फोर व्हीलमध्ये आत उभं राहून हाताने ढकलायचं असतं, आधी एक बाजू मग दुसरी. साधं आहे, मोडायला काही नाही, पण वर सोलर पॅनल आणि रॅक चढवला की तेच छत जड होतं. तुम्ही एकट्या असताना उचलता येतंय का हे स्वतः करून बघा, नवऱ्याला हात लावू देऊ नका. बाकीच्या काही कंपन्यांत हँडल किंवा इलेक्ट्रिक मोटर असते. मोटर असेल तर ती बंद पडली तर हाताने कसं करायचं हे विचारून घ्या.

थंडीसाठी कापडाच्या आतून लावायचा जाड थर मिळतो, तो घ्याच. फर्नेस चालू असली तरी तीन माणसांचा श्वास रात्रभर आत कोंडला की सकाळी अॅल्युमिनियमवरून पाणी ओघळतं, म्हणून कितीही गारठा असला तरी छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची. आणि कापड ओलं असताना छत बंद करून घरी आलात तर घरी आल्या आल्या परत उघडून वाळवायचं, दोन दिवस तसंच राहिलं तर बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

आई-बाबांचं स्पष्ट सांगते. झोपायचा बेड ट्रकच्या कॅबच्या वर असतो, त्यावर जायचं म्हणजे बाकावर पाय, मग ओट्यावर गुडघा, मग वाकून आत सरकायचं, आणि रात्री दोनदा उठायचं झालं की हेच उलटं. सत्तरीच्या गुडघ्यांना हे सांगू नका. त्यांच्यासाठी मोठा कॅम्पर घेऊ नका, ते आले की गोल्डन गेट कॅनियन स्टेट पार्कमध्ये केबिन आणि यर्ट म्हणजे गोल, मोठे तंबू मिळतात, मुलर स्टेट पार्कमध्ये केबिन आहेत, ते बुक करा आणि तुम्ही तिथल्याच कॅम्पसाइटवर कॅम्पर लावा. जेवायला सगळे एकत्र, झोपायला त्यांना सरळ पलंग.

सगळं बसवून झालं की एकदा सगळ्यांना गाडीत बसवून, पाणी भरून, हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर वजन करा. पंधरा-वीस डॉलरचं काम, पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे आकडे वेगळे कागदावर मिळतात, ते दाराच्या खांबावरच्या आकड्यांशी ताडून बघा.

प्रश्न: आम्ही सिअॅटलजवळ राहतो, पॉप-अप घेतला आणि यलोस्टोनला फिशिंग ब्रिजला जागा बघत होतो तर तिथे आमचा कॅम्पर चालणार नाही म्हणाले. असं का?

उत्तर: अस्वलं! फिशिंग ब्रिजच्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर खूप, म्हणून तिथे फक्त कडक भिंतींच्या गाड्या चालतात, तंबू नाही आणि कापडी भिंतीचं काहीही नाही. तुम्ही भले लाखभर डॉलरचा ट्रक घेऊन गेलात तरी रेंजरच्या दृष्टीने तुमच्या डोक्याशी कापड आहे म्हणजे तो तंबूच. यलोस्टोनमध्ये मॅडिसन, कॅनियन, ग्रँट व्हिलेज, ब्रिज बे इथे कापडी चालतं, तिथे बघा, पण लवकर बुक करा. पुढे कॅनडात बान्फला जाणार असाल तर लेक लुईसला दोन वेगळी कॅम्पग्राउंड आहेत, कापडीवाल्यांना विजेच्या कुंपणाच्या आत ठेवतात, बुक करताना बरोबर तेच निवडा. योसेमिटीला खाणं, टूथपेस्ट, साबण सगळं कॅम्परमध्ये न ठेवता साइटवरच्या लोखंडी लॉकरमध्ये. तुम्हाला अस्वलांच्या भागातच जास्त फिरायचं असेल तर अलास्कनसारखे कॅम्पर असतात ज्यांच्या वरच्या भिंतीही कडकच असतात आणि छत हायड्रॉलिकने वर जातं, जड आणि महाग आहेत पण रात्री निवांत झोप लागते.

प्रश्न: फ्रीमाँटला एक वापरलेला पॉप-अप बघायला जातोय. काय तपासू?

उत्तर: पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा, जमलं तर. छत स्वतः उचला, मालकाला उचलू देऊ नका. मग कापडाच्या घड्या जिथे पडतात ते चारही कोपरे आत उजेड बंद करून बघा, बाहेरून बॅटरी मारायची, भोकं असतील तर तारे दिसतात. नुसतं कापड खराब असेल तर घाबरू नका, ते बदलून मिळतं, खर्च किमतीतून कमी करून घ्या. पण लाकडी फ्रेम असेल आणि कोपऱ्यात अंगठा दाबल्यावर आत जातोय, तर पैसे खिशात ठेवून घरी या, ते लाकूड सडलंय आणि आत किती सडलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही. फ्रिज प्रोपेनवर चालवून दाखवायला सांगा, फर्नेस पेटवायला सांगा, गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. कॅम्पर ट्रकला जिथे आवळतात ते चार टर्नबकल म्हणजे आवळायचे फिरते स्क्रू, आणि बेडमधले आयबोल्ट म्हणजे कडीचे बोल्टही बघा. टॅकोमाचा बेड लोखंडाचा नाही, कंपोझिटचा (प्लास्टिकसारखा) असतो त्यामुळे खाली लोखंडी पट्टी न लावता बोल्ट मारले असतील तर तिथे तडा गेलेला असू शकतो. घेतल्यावर पहिल्या कच्च्या रस्त्यानंतर टर्नबकल परत आवळा, ते सैल होतातच.

प्रश्न: ऑस्टिनहून. आत फोडणी देता येते का? आणि डाळ शिजते का?

उत्तर: फोडणी बाहेर. आत दिली तर तेलाचा वास कापडात बसतो आणि पुढच्या ट्रिपला झोपताना मोहरी-लसूणच आठवत राहतं, शिवाय अस्वलांच्या भागात तो वास म्हणजे आमंत्रण. टेलगेट किंवा टेबलावर ठेवायचा छोटा दोन बर्नरचा स्टोव्ह घ्या. पाऊस आला आणि आत करावंच लागलं तर वरचा पंखा चालू आणि एक खिडकी उघडी, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना हे आधी बघायचं, त्याची बॅटरी काढून ठेवायची नाही. डाळीचं म्हणाल तर टेक्ससमध्ये प्रश्न नाही, पण कोलोरॅडोतल्या लेडव्हिलसारख्या दहा हजार फुटांवरच्या गावात पाणी ९० अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासनतास टणक राहते. तीन लिटरचा कुकर न्या, घरच्यापेक्षा दोन शिट्ट्या जास्त द्या, आणि डाळ घरूनच भिजवून निघा म्हणजे गॅसही वाचतो.