उड्या मोजायला शिक

चिरंजीव खेळाडूस, अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप रात्री उशिरा वाचला. गुडघ्याखाली टेंगूळ आलंय, जिना उतरताना कळ येते, गुडघे टेकून बसवत नाही, निवड चाचणी पाच आठवड्यांवर आली आहे आणि घरी यातलं काही सांगितलेलं नाही. हे शेवटचं वाक्य तू सगळ्यात आधी लिहायला हवं होतंस. बाकीच्या सगळ्यावर उपाय आहेत, त्याच्यावरचा उपाय फक्त तुझ्याकडे आहे.

मी डॉक्टर नाही. आयुष्यभर व्हॉलीबॉल शिकवला आणि त्यात चेंडूंइतकेच गुडघे पाहिले. तपासणी डॉक्टरच करतील. मी लिहितोय ते तिथे जायच्या आधी आणि तिथून आल्यावर तुझ्या कामाला येईल असं.

आधी ते टेंगूळ. मांडीचा पुढचा मोठा स्नायू खाली येऊन गुडघ्याच्या वाटीला धरतो. वाटीच्या खालच्या टोकातून एक जाड पट्टा निघतो, त्याला टेंडन म्हणतात, आणि तो नडगीच्या हाडाला वरच्या बाजूला, समोरून चिकटतो. तू उडी मारतेस, धावता धावता गचकन थांबतेस, तेव्हा मांडीचा सगळा जोर त्या बोटभर जागेवर ओढ देतो. मोठ्या माणसात तिथे पक्कं हाड असतं. तुझ्या वयात तिथे अजून वाढीची कुर्चा, म्हणजे हाड होण्याआधीचा मऊ भाग असतो, आणि ती टेंडनपेक्षा कच्ची असते. दोरी दणकट आणि खुंटी ओल्या लाकडाची, असा प्रकार. रोज शंभर हिसके बसले की ती जागा सुजते, दुखते आणि भरून येताना तिथे हाड उंच होतं. बहुतेक वेळा तुझ्यासारख्या टेंगळाचं नाव ऑस्गुड-श्लॅटर असतं. बोस्टनचे रॉबर्ट ऑस्गुड आणि झुरिकचे कार्ल श्लॅटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली, एकमेकांशी संबंध नसताना, त्याचं वर्णन केलं. नाव ऐकून दचकू नकोस. मुलींमध्ये साधारण ८ ते १३ आणि मुलांमध्ये १० ते १५ या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, उड्या मारणाऱ्या आणि धावणाऱ्या मुलांना हे सर्रास होतं. वाढीची जागा हाडात मिसळून गेली की दुखणं बहुतेकांचं थांबतं. टेंगूळ मात्र पुष्कळांचं तसंच राहतं, माझ्याही उजव्या पायावर आहे.

पण हे सगळं जागेवर अवलंबून आहे. मी मुलांना नेहमी सांगतो, एका बोटाने दाखव. बोट नडगीवरच्या टेंगळावर थांबलं तर वर लिहिलं ते. वाटीच्या खालच्या टोकावर थांबलं तर त्याचाच भाऊबंद, फक्त ओढ पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेली. बोट एका जागी थांबतच नाही, मूल सगळा तळवा वाटीवर फिरवून ‘इथे, आतमध्ये’ म्हणतं, बराच वेळ बसून उठताना आणि जिन्यावर जास्त दुखतं, तर वाटी आणि मांडीचं हाड यांच्यामधल्या सांध्यावर भार जास्त झालेला असतो. तुझ्यासारख्या वाढत्या मुलींमध्ये हे फार दिसतं.

आणि कधीकधी बोट गुडघ्यावर असतं, पण दुखणं तिथे नसतंच. एक मुलगा माझ्याकडे होता, तेरा वर्षांचा, अंगाने भरलेला. गुडघा दुखतो म्हणायचा. मी दाबून पाहिलं, वाकवून पाहिलं, काही सापडलं नाही. ‘वाढीचं दुखणं आहे रे, जाईल,’ असं म्हणून मी मोकळा झालो. तीन आठवडे तो पाऊल बाहेर वळवून, किंचित लंगडत सरावाला येत राहिला आणि मला तो टंगळमंगळ करतोय असं वाटलं. दुखणं खुब्यात होतं. या वयात मांडीच्या हाडाचा वरचा गोळा वाढीच्या पट्टीवरून घसरू शकतो. खुबा आणि गुडघा यांना काही नसा सामाईक असल्यामुळे कळ गुडघ्यात जाणवते. अशा पायावर पुढचं एक पाऊलसुद्धा टाकू द्यायचं नसतं, आणि मी त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. शस्त्रक्रिया करून स्क्रू घालावा लागला. तो आता नीट चालतो, भेटला की हसून बोलतो. ते तीन आठवडे माझ्या खात्यावर आहेत.

तेव्हापासून ‘वाढीचं दुखणं’ हा शब्द मी जपून वापरतो. खरं वाढीचं दुखणं लहान मुलांचं, साधारण ३ ते १२ या वयातलं. संध्याकाळी किंवा रात्री, दोन्ही पायांत, पोटरीत किंवा मांडीत. सकाळी मूल उड्या मारत उठतं आणि कधीच लंगडत नाही. एकाच गुडघ्यात, एकाच जागी, रोज दुखत असेल तर त्याला हे नाव देऊन गप्प बसायचं नाही.

आता हे नीट वाच. गुडघा वळला, आतून ‘कट’ असा आवाज आला आणि तासा-दोन तासांत सूज भरली, तर लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना बांधणारा पट्टा, फाटलेलं असू शकतं. गुडघा मध्येच अडकतो, सरळ होत नाही, किंवा उभ्या उभ्या दगा देतो, तर आत कुर्चेचा किंवा हाडाचा तुकडा सुटलेला असू शकतो. सकाळी उठल्यावर गुडघा आखडलेला असतो आणि सूज आठवडेच्या आठवडे राहते, तर तो सांध्याचा आजार असू शकतो. खेळाशी काहीच संबंध नसताना रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, किंवा सतत लंगडणं, यांतलं काहीही असेल तर सराव, चाचणी काही न बघता डॉक्टरांकडे जायचं. पाय टेकताच येत नसेल किंवा सूज आणि ताप एकत्र असतील तर त्याच दिवशी. हाडाचे काही कर्करोग दुर्मिळ असले तरी याच वयात आणि गुडघ्याच्या आसपासच जास्त सापडतात. तुझ्या निरोपात यांतलं काही नाही, मी तो दोनदा वाचला. तरी खुब्यासकट एकदा नीट तपासून घे.

समज, डॉक्टरांनी टेंगळाचंच निदान केलं. मग तू विचारशील, खेळ बंद का? बहुतेक वेळा नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला खाटेवर टाकून ठेवलं तर मांडी बारीक होते आणि परत आल्यावर तीच ओढ आणखी कमजोर पायावर बसते. भार कमी करायचा, शून्य करायचा नाही. त्यासाठी तो किती आहे हे आधी माहीत हवं, आणि इथेच सगळे फसतात. तू सकाळी क्लबमध्ये खेळतेस, संध्याकाळी शाळेच्या संघात. दोन्हीकडचे प्रशिक्षक चांगले आहेत, पण एकालाही दुसऱ्याचा हिशेब ठाऊक नाही. क्लबच्या सरांना वाटतं मुलगी दिवसाला साठ उड्या मारते, शाळेच्या मॅडमनाही साठच वाटतात. गुडघ्याला एकशेवीस कळतात.

म्हणून एक वही कर. रोज तीन आकडे लिहायचे: आज किती उड्या झाल्या (ब्लॉक, स्मॅश, जंप सर्व्ह, सगळ्या धरून), खेळताना दहापैकी किती दुखलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना किती दुखलं. खेळताना तीनपर्यंत चालेल. सकाळचा आकडा मात्र पूर्वीच्या जागी परत आलेला हवा. सकाळी वाढलेला दिसला तर कालचं जास्त झालं, आज उड्या निम्म्या. फिजिओही बऱ्याचदा याच अंदाजाने चालतात. दोन आठवड्यांनी वही उघडलीस की तुझा गुडघा किती उड्या सोसतो ते तुलाच दिसेल. ती संख्या मला माहीत नाही आणि डॉक्टरांनाही नसते.

वहीच्या कोपऱ्यात महिन्यातून एकदा उंचीही लिही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. ज्या महिन्यांत आकडा भरभर सरकतोय त्या महिन्यांत नवीन काही वाढवायचं नाही. क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियमही सांगतात: आठवड्याला सरावाचे तास वयाच्या वर्षांपेक्षा जास्त नकोत, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून दोन-तीन महिने आपला मुख्य खेळ बाजूला. तुझे तास मी मोजले. पंधरा होतात. तू बाराची आहेस.

उरलेल्या वेळात करायला पुष्कळ आहे. उभ्याने पासिंग, सेटिंग, जमिनीवरून सर्व्हिस, चेंडू वाचणं. खरं सांगायचं तर तुझं सेटिंग कच्चंच आहे, हे पाच आठवडे त्याला मिळाले तर मला वाईट वाटणार नाही. ताकदीसाठी भिंतीला पाठ टेकून, दुखणार नाही इतकंच खाली बसून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं. पाठीवर झोपून कंबर उचलायची. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर न्यायचा. शेवटच्या दोन गोष्टी नितंबांच्या आहेत. तिथली ताकद कमी पडली की उडीवरून उतरताना गुडघा आत वळतो आणि गुडघ्यावरचा ताण वाढतो. मैत्रिणीला फोन देऊन समोरून तुझं उतरणं शूट करायला सांग. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या आत पडताना दिसला तर आरशासमोर हळूहळू उतरायचा सराव कर, आवाज न करता.

वॉर्म-अप टाळतेस, मला माहीत आहे. ‘फिफा ११+’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे: धावणं, ताकद, तोल आणि नीट उतरणं. नॉर्वेमध्ये १३ ते १७ वयाच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर त्याची मोठी चाचणी झाली आणि २००८ साली निष्कर्ष छापून आले. तो करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. वळण्या-उड्यांच्या खेळांत गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट (एसीएल) फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त असतो, तेव्हा ही वीस मिनिटं तुझ्यासाठीच आहेत असं समज.

किरकोळ गोष्टी. खेळून आल्यावर कापडात गुंडाळून बर्फ, पंधरा-वीस मिनिटं. बरं वाटतं, एवढाच त्याचा उपयोग. वेदनाशामक गोळी घेऊन कोर्टवर उतरायचं नाही, कारण मग वहीतला आकडा खोटा होतो. टेंगळावर स्टिरॉइडचं इंजेक्शन कोणी सुचवलं तर आईबाबांना दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला सांग.

किती दिवस? काही महिने तर नक्की, कधीकधी वर्ष-दीड वर्ष, कमी-जास्त होत. पाच आठवड्यांत ते नाहीसं होणार नाही. पण चाचणीच्या आदल्या आठवड्यात सकाळचा आकडा एक-दोनवर असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर मी तुला जाऊ देईन. पाच-सहा असेल तर नाही, आणि तेव्हा तू माझ्यावर चिडशील. चिड.

आज आईला सांगताना ‘थोडंसं दुखतं’ असं म्हणू नकोस. एका बोटाने जागा दाखव, कधीपासून ते सांग, जिना उतरून दाखव. नंतर ती काय म्हणाली ते मला कळव, आणि पहिल्या आठवड्याचे आकडे रविवारी रात्री पाठव.

तुझा,
जुना सर

ता.क. नी-पॅड घातलंय म्हणून काही होणार नाही, असं तू लिहिलंयस. डाइव्ह मारताना जमीन लागू नये एवढंच काम पॅड करतं, टेंडनची ओढ त्याने कमी होत नाही. तरी घाल, टेंगळावर फरशी आपटली की दोन दिवस रडशील.